इम्युनिटी म्हणजे फक्त लढाई नव्हे

प्रतिकारशक्ती म्हणजे शरीराचं सैन्य, असं आपण शिक्षक मुलांना शिकवतो. विश्रामबागच्या औषध दुकानांत तेच सैन्य वाढवायच्या पावडरी मिळतात. मला हे चित्र अपुरं वाटतं, कारण या पेशींचं रोजचं मोठं काम सफाईचं आहे.

तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. मग प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात, तिच्यातलं लोह पुन्हा वापरात येतं. इतर पेशी मरू लागल्या की आवरणाच्या आतल्या बाजूचा फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध पदार्थ बाहेरच्या बाजूला येतो. ही खूण ओळखून भक्षक पेशी त्यांना गुपचूप उचलतात. ना सूज, ना ताप.

ल्यूपसच्या अनेक रुग्णांत ही सफाई मंदावलेली आढळते. न उचललेल्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए उघडा पडतो आणि शरीर त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडं बनवतं. सांधे, त्वचा, मूत्रपिंडं होरपळतात. दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात. त्यांचे उपचार प्रतिकारशक्तीला आवर घालणारे असतात. अशा बाईला ‘तुझी इम्युनिटी कमी आहे’ म्हणून पावडर देणं धोक्याचं ठरू शकतं. डबा घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि गुरुजनहो, वर्गात सैनिकासोबत सफाई कामगाराचंही उदाहरण द्या.