माशी, मासा आणि नदीवरचा हक

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशरमध्ये पिकरिंग नावाचं एक छोटं गाव आहे. गावालगत जमिनीखालच्या झऱ्यांतून एक ओढा निघतो, त्याचं नाव कोस्टा बेक. 'बेक' म्हणजे तिकडच्या बोलीत ओढाच. एकेकाळी तो ब्राऊन ट्राऊट माशासाठी नावाजलेला होता. मग सांडपाणी आलं, शेतांतून वाहून येणारी माती आणि खतं आली, आणि मासा रोडावला. ही गोष्ट इथपर्यंत आपल्या कुठल्याही ओढ्याची आहे. फरक पुढे पडतो. पिकरिंगच्या मासे धरणाऱ्यांची एक संघटना आहे, तिने सरकारलाच कोर्टात खेचलं. नोव्हेंबर 2023 मध्ये हायकोर्टाने निकाल संघटनेच्या बाजूने दिला. सरकार अपिलात गेलं आणि एप्रिल 2025 मध्ये तिथेही हरलं. कोर्टाचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक ओढ्याचं, प्रत्येक नदीचं काय बिघडलंय आणि ते दुरुस्त करायला नेमकं काय करणार, हे सरकारने लिहून दिलं पाहिजे. अख्ख्या खोऱ्यासाठी गुळमुळीत आराखडा चालणार नाही. हजारो ओढ्यांसाठी एवढं करणं शक्य नाही, हे सरकारचं रडगाणं न्यायाधीशांनी ऐकून घेतलं नाही.

मला यात एक गोष्ट डाचते आणि तीच महत्त्वाचीही वाटते. हा दावा माशांवर दया करणाऱ्यांनी लावला नाही. माशाच्या तोंडात गळ अडकवणाऱ्यांनी लावला.

हे गळवाले कोण, हे आधी समजून घेऊ. आपल्याकडे कोकणात आपण 'गरवायला' जातो. गरीला गांडूळ नाहीतर कोळंबीचा तुकडा लावायचा, शिशाचं वजन बांधायचं आणि दोरी पाण्यात सोडायची. तिकडे याला वेगळंच वळण आहे. गळावर खरं आमिष नसतंच. कोंबड्याचं पीस, सशाचे केस, रेशमाचा धागा असं काहीबाही गळाभोवती गुंडाळून त्याची माशी बनवतात. (मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दूत मछली आणि मक्खी, मराठीत मासा आणि माशी. या छंदाचं नाव मराठीत जितकं गमतीचं होईल तितकं इंग्रजीत नाही.) या माशीला वजन नसतं, म्हणून ती फेकता येत नाही. मग दोरीच जाड आणि वजनदार करतात, लवचिक काठीने ती दोरी हवेत मागे-पुढे झुलवतात आणि तिच्या टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरवतात. खरी माशी पडावी तशी.

ट्राऊट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, कारण खाणं वाहत येतं ते समोरून. म्हणून माणसाने खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचं. सावली पडली, गोटा खडखडला, की मासा गेला. माशी प्रवाहापेक्षा जराही वेगळ्या गतीने ओढली गेली तरी तो तोंड लावत नाही. त्यात त्या दिवशी पाण्यावर कुठले किडे आहेत ते ओळखून तशीच माशी बांधावी लागते. मे-जूनमध्ये 'मेफ्लाय' नावाचा किडा बाहेर पडतो. तो जवळजवळ दोन वर्षं ओढ्याच्या तळातल्या गाळात अळीच्या रूपात काढतो आणि पंख फुटल्यावर जगतो जेमतेम एखादा दिवस. त्या दिवसात तो खातदेखील नाही. जोडी जमवतो, अंडी टाकली जातात, खेळ खलास. त्या चार-दोन आठवड्यांत ट्राऊट वेडे होतात आणि त्यांच्यामागे ही मंडळीही.

हा छंद जुना आहे. आयझॅक वॉल्टनचं मासेमारीवरचं प्रसिद्ध पुस्तक 1653 चं. त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने 1676 मध्ये त्याला डव्ह नावाच्या छोट्या नदीवरच्या अनुभवातून माशीच्या गळाचा भाग जोडला. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराजांचं राज्य होतं.

माझा एक भाचा कामानिमित्त यॉर्कजवळ राहतो. कोकणी मुसलमानांची पोरं इंग्लंडात असणं ही काही नवी गोष्ट नाही. त्याला हे वेड लागलं. सरकारी परवाना काढला, क्लबची वर्गणी भरली. व्हिडिओ कॉलवर त्याने मासा दाखवला: वीतभर लांब, अंगावर तांबडे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. आमच्या आपांनी, म्हणजे त्याच्या अम्मीने, लगेच विचारलं, "कसा केलास? सालन की तळून?" तो म्हणाला, "अम्मी, सोडून दिला." आपा क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "मग धरलास कशाला?"

त्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं. क्लबचा नियमच तसा आहे, गळाला उलटा काटा नसतो, हात ओले करून मासा धरतात, पाण्यातच ठेवून सोडतात. पण ही उत्तरं 'कसा सोडलास' याची झाली, 'कशाला धरलास' याचं उत्तर नाही. माझ्या मते आपांचा प्रश्न बरोबर आहे. आपण मासेखाऊ माणसं. माशाला जबह लागत नाही. आम्ही शाफई असल्यामुळे कुर्ल्या-कोळंबीलाही मोकळीक. घाटावरचे हनफी दोस्त त्यावर नाक मुरडतात तो भाग वेगळा. पण खायला घेणं आणि खेळायला घेणं यात आपल्या दीनमध्ये स्पष्ट रेघ आहे. सजीवाला नेमबाजीचं निशाण करण्याची मनाई सहीह मुस्लिममध्ये आहे. उगाच मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी तक्रार घेऊन उभी राहील, असं सांगणारी हदीस नसाईंच्या संग्रहात आहे. मासा मेला नाही म्हणून ही रेघ पुसली जाते, असं मला वाटत नाही.

हे नुसतं मौलवींचं म्हणणं आहे असंही कुणी समजू नये. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राऊटच्या डोक्यावर इजा जाणणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. त्याला 'वेदना' म्हणायचं की नाही यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे. स्वित्झर्लंडने मात्र वाट पाहिली नाही. सोडून देण्याच्याच इराद्याने मासा धरायला तिथे कायद्याने बंदी आहे. म्हणजे आपांचा सवाल स्विस कायद्यात आहे.

तर मग पिकरिंगच्या लोकांना नावं ठेवून मोकळं व्हावं का? इथेच मी अडतो. त्या लोकांइतकं नदीचं बारीक ज्ञान नदीवर कविता करणाऱ्यांना नसतं. ट्राऊट साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अंडी घालतो. मादी शेपटीने खडी उकरते, त्यात अंडी टाकते, वर पुन्हा खडी लोटते. महिनोन् महिने त्या खडीतून स्वच्छ, थंड, प्राणवायू असलेलं पाणी झिरपत राहिलं तर पिल्लं निघतात. वरच्या शेतातली माती वाहून आली आणि खडीच्या फटी बुजल्या, की अंडी आतल्या आत गुदमरतात. वरून पाणी आरशासारखं दिसत असतं. हे दुखणं पुलावरून जाणाऱ्याला कधीच कळणार नाही. ते त्याला कळतं, जो गुडघाभर पाण्यात उभा राहून गेल्या वर्षी इथे अमुक किडा होता, यंदा का नाही, हे शोधत असतो. इंग्लंडमध्ये अनेक नद्यांवर हे मासे धरणारेच ठरावीक दिवसांनी तळ ढवळून जाळीत किडे मोजतात आणि आकडा घसरला की पर्यावरण खात्याला कळवतात. इंग्लंडातल्या फक्त 14 टक्के नद्या चांगल्या स्थितीत असल्याचं सरकारी पाहणीत निघालं, तेव्हा या लोकांना आश्चर्य वाटलं नसणार.

पण ज्ञान असून भागत नाही. आपल्या खाडीवरच्या म्हाताऱ्यालाही सगळं ठाऊक असतं. पिकरिंगवाल्यांकडे आणखी एक गोष्ट आहे: कागद. इंग्लंडच्या कायद्यात वाहत्या पाण्याचा मालक कुणी नाही. पण काठाची जमीन ज्याची, त्याचा नदीच्या मध्यापर्यंत मासे धरण्याचा हक असतो. तो हक विकता येतो, भाड्याने देता येतो. क्लब तो घेतात. म्हणजे वर कुणी घाण सोडली, तर खाली क्लबच्या मालमत्तेचं नुकसान होतं आणि क्लब दिवाणी दावा लावू शकतो. 1948 मध्ये मासे धरणाऱ्यांनी याच कामासाठी एक सहकारी संघटना काढली. पुढे डर्बीच्या एका क्लबने डर्वेंट नदी नासवल्याबद्दल एक मोठी कंपनी, वीज प्राधिकरण आणि चक्क डर्बीची नगरपालिका अशा तिघांवर दावा लावला आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तो जिंकला. प्रदूषण थांबवा असा मनाई हुकूमच मिळाला. आम्ही शहराचं सांडपाणी वाहून नेतो, आमचा इलाज नाही, हे नगरपालिकेचं म्हणणं टिकलं नाही.

या हकाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर साहेबाची आरती केल्यासारखं होईल. हाच हक शतकानुशतकं गरिबाला नदीपासून लांब ठेवण्यासाठी वापरला गेला. 1723 चा एक कायदा होता: तोंडाला काळं फासून, हत्यार घेऊन कुणी नदीतले मासे चोरले, तर फाशी. शंभर वर्षं तो पुस्तकात राहिला. आजही दक्षिणेतल्या नामांकित नद्यांवर एक दिवस गळ टाकायचे शेकडो पाऊंड पडतात. मालकी नदी राखते हे खरं, पण ती कुणाची यावर बरंच काही ठरतं.

आता आपल्याकडे. ट्राऊट आपला मासा नाही. पण मासा, घाण पाणी आणि त्यावर पोट असलेली माणसं आपल्याकडे आहेत. वाशिष्ठी आणि दाभोळ खाडीचं उदाहरण घ्या. लोटे औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने मासे मेल्याच्या तक्रारी तिथले भोई वर्षानुवर्षं करताहेत. माधव गाडगीळ समितीच्या 2011 च्या अहवालात हे प्रकरण आलेलं आहे. आपल्याकडे कोर्टाचं दार बंद आहे असंही नाही. 2010 पासून हरित न्यायाधिकरण आहे, त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. मग अडतं कुठे? माझ्या समजुतीप्रमाणे, भोयाला तिथे उभं राहावं लागतं ते फिर्यादी म्हणून, हकदार म्हणून नव्हे. नदी सरकारची, तलाव ठेक्याचा, खाडी सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. मासे मेले तर त्याचं काय गेलं? त्याच्या नावावर काहीच नव्हतं. अधिकारी पाण्याचे नमुने बाटलीत भरतो, पंचनामा होतो, पुढच्या पावसात सगळं वाहून जातं.

आणि हक नसला की जपणूकही सुटते. चढणीच्या माशांचंच बघा. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेला मासा ओढ्यातून वर चढतो आणि आपण टोपल्या भरभरून तो उचलतो. मलाही त्याची चव ठाऊक आहे. यॉर्कशरमध्ये ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत ट्राऊटला हात लावत नाहीत, कारण पुढच्या वर्षीचा मासा आपलाच आहे हे क्लबला माहीत असतं. आपल्याला पुढच्या वर्षीची खात्री नसते. मी नाही धरला तर शेजारचा धरेल.

म्हणून मला वाटतं, मासे धरणाऱ्या समाजाच्या नावावर नदीचा, खाडीचा पट्टा लिहून द्यावा. त्यावर लगेच आक्षेप येईल, की हक कागदावर आला म्हणजे तो विकला जाईल आणि उद्या तिथे ठेकेदार बसेल. भीती रास्त आहे, इंग्लंडचा इतिहासच तिला साक्ष आहे. पण यावरचा तोडगा आपल्याच देशाच्या कायद्यात पडून आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हकांमध्ये पाण्यातल्या माशांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्या कायद्याने दिलेला हक वारसाने मिळतो, विकता येत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये अशा कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक मिळवला आणि बांबू स्वतः विकून दाखवला. जंगलातल्या ओढ्याला जे लागू होतं, ते खाडीतल्या भोयाला आणि किनाऱ्यावरच्या दालद्याला का लागू होऊ नये, हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.