इन्स्पेक्टर नकोत कुणाला?

'इन्स्पेक्टर राज संपवा' असा धोशा मालकवर्गाने लावला आहे. त्यांनी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा इतिहास वाचावा.

तेथे १९०६ साली कायदा झाला. पण औषध विकण्याआधी तपासण्याची सक्ती त्यात नव्हती. (आम्ही रेल्वेत गाडी सुटण्याआधी ब्रेक तपासतो, अपघातानंतर नव्हे.) १९३७ मध्ये एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलिन ग्लायकोल या विषारी द्रवात विरघळवून विकले. १०० हून अधिक माणसे दगावली, त्यांत कितीतरी मुले. जप्तीला आधार काय, तर नावात 'एलिक्झिर' असून आत अल्कोहोल नाही! विषाबद्दल कायदा मुका. तरी दोनशेवर इन्स्पेक्टर व रसायनतज्ज्ञ दुकानोदुकानी, घरोघरी फिरले, बहुतेक साठा परत मिळवला. १९३८ मध्ये विक्रीआधी सुरक्षिततेचा पुरावा सक्तीचा झाला.

आपला औषध कायदा १९४० चा. तरी याच विषाने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण गेले, २०२५ मध्ये मध्य प्रदेशात, मुख्यतः छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या औषधाने २० हून अधिक बालके गेली. औषध निरीक्षकांच्या रिकाम्या जागा कंत्राटी नव्हे, कायम भरा, ही मागणी सर्व संलग्न युनियन्सनी लावून धरावी.