बंदूक आहेरात नको, हक्कात हवी



आमच्या तालुक्यातील एका तरुण कार्यकर्त्याचे लग्न ठरले आहे. त्याचे मामा महार रेजिमेंटमधून निवृत्त झाले आणि मग कितीतरी वर्षे परवान्याची बारा बोर खांद्याला लावून एका बँकेच्या दारात उभे राहिले. आता गुडघे साथ देत नाहीत. परवा त्यांचा फोन आला. "ताई, भाच्याला आहेर म्हणून माझी बंदूक द्यायची आहे. स्टेजवरच हातात देतो. कागद काय लागतो तेवढा सांगा."

संध्याकाळपर्यंत ही बातमी पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचली. 'भीमसैनिकाला शोभणारा आहेर', 'आता कळेल गावाला' असे मेसेज सुरू झाले. एकाने हवेत दोन बार काढायचा बेतही मांडला. त्यावर एक ज्येष्ठ उपासक चिडले. बुद्धाच्या लेकरांनी बंदुकीचे नाव तरी काढावे का, असा त्यांचा सवाल.

माझ्या मते दोघेही चुकताहेत.

आधी ज्येष्ठांशी बोलते. उपासकाने शस्त्रांचा व्यापार करू नये, हे अंगुत्तर निकायात आहे, मान्य. पण आपल्या हातात शस्त्र नव्हते ते आपण अहिंसक होतो म्हणून नव्हे. ते आपल्याकडून काढून घेतले होते. खालच्या जातींनी इतकी शतके बंड का केले नाही, या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन'मध्ये दिले आहे. चातुर्वर्ण्याने त्यांना शस्त्र धरू दिले नाही, विद्या घेऊ दिली नाही, म्हणून ते पंगू झाले. ब्रिटिशांच्या फौजेत पराक्रम गाजवलेल्या महारांची भरतीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांच्या पिढीने अर्ज लिहिले. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. मामांच्या खांद्यावरच्या बंदुकीला एवढा इतिहास आहे. तिला नुसते 'पाप' म्हणून मोकळे होता येणार नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्येही बाबासाहेब मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. अहिंसा हे त्यांच्या लेखी तत्त्व आहे, डोळे झाकून पाळायचा नियम नाही.

आता पोरांनो, तुमच्याकडे वळते. जास्त बोलायचे आहे ते तुमच्याशीच.

लग्नाच्या स्टेजवर बंदूक ही कल्पना कोणाची? ती आपली नाही. ती जमीनदाराच्या वाड्यातली आहे, ठाकुराच्या वरातीतली आहे, ओटीवर बंदूक टांगून गावाला वचक देणाऱ्या पाटलाची आहे. 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दोन गोष्टी दाखवल्या. जात टिकते ती लग्नाच्या बंधनावर, म्हणजे बाईवरच्या पहाऱ्यावर. आणि जात पसरते ती वरच्यांच्या अनुकरणातून. या अनुकरणालाच पुढे एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरण म्हटले. आपण हुंड्याला, सप्तपदीला, कन्यादानाला नकार दिला. पांढऱ्या वस्त्रात, त्रिशरण-पंचशील घेऊन लग्न लावू लागलो. त्याच मंचावर, प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील घेतल्यावर पाच मिनिटांत बंदूक उंचावायची? मग दाराबाहेर घालवलेला ठाकूर खिडकीतून आत आलाच की!

आणि त्या स्टेजवर नवऱ्याशेजारी कोण उभी असते? समाजकार्यात मी कौटुंबिक हिंसेच्या तक्रारी ऐकते. एका घरात परवान्याची बंदूक खुंटीला होती. त्या घरात ती एकदाही चालली नाही, नवऱ्याने कधी हातातही घेतली नाही. भांडण झाले की तो फक्त खुंटीकडे बघायचा. बाई म्हणाली, "तेवढं पुरायचं." आहेर नवरा-नवरी दोघांचा असतो. ग्रुपवर शंभर मेसेज पडले, पण नवरीला काय वाटते हे एकानेही विचारले नाही.

आता कायदा. उत्साहात तुरुंगात जाणारी पोरे मी पाहिली आहेत. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि मामांचा परवाना भाच्याला चालत नाही. भाचा 21 वर्षांचा हवा. त्याने स्वतः अर्ज करायचा, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालयाच्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. पोलिसांचा अहवाल येतो, बंदूक सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. परवाना मिळाला तर मामांनी हस्तांतराची लेखी सूचना जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला द्यायची. त्यानंतर किमान 45 दिवस थांबायचे. मगच बंदूक हातात. यातले काहीही मांडवात होत नाही. विनापरवाना सापडलात तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र उगारायलाही 2016 च्या नियमांत मनाई आहे. आणि ते हवेतले दोन बार? आनंदाच्या भरात लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा वेळी आपल्या वस्तीवर कायदा किती तत्परतेने चालतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

"मग अत्याचार झाला तर काय पंचशील म्हणत बसायचं?" हा प्रश्न रास्त आहे. लग्नाची वरात ही आजही रणभूमी आहे. 2018 मध्ये उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला गावातून वरात नेण्यासाठी थेट उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. तिथेही लगेच दिलासा मिळाला नाही. तो हटला नाही, आणि शेवटी मोठ्या पोलीस बंदोबस्तात वरात निघाली. त्याने मागितले ते हक्क म्हणून मागितले आणि सगळ्या देशासमोर मागितले.

तसाच हक्क शस्त्राबाबतही कागदावर आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे 1995 चे नियम काढा, नियम 3 वाचा. अत्याचारप्रवण भागात गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे, हेही याच नियमांत आहे. या समितीसमोर ग्रुपमधल्या किती जणांनी तोंड उघडले? आपल्या जिल्ह्यात अशा किती परवान्यांचा आढावा घेतला गेला, किती रद्द झाले, आपल्या किती लोकांना मिळाले, हे माहिती अधिकारात कोणी विचारले? स्टेजवर एक बंदूक उंचावून गाव घाबरत नाही. गावाला फार तर निमित्त मिळते. पण नियम 3 खाली एका तालुक्यातून पन्नास अर्ज गेले, तर जिल्हाधिकाऱ्यांना उत्तर द्यावे लागेल.

मामांना मी सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, माझ्याकडं द्यायला दुसरं काय आहे?" खरे सांगते, मला लगेच उत्तर सुचले नाही. पोरांच्या मिरवण्यात आणि मामांच्या देण्यात हा फरक आहे. ते आपली सगळी कमाई भाच्याच्या हातात ठेवू पाहत होते. म्हणून नकार देताना त्यांचा मान राखणे आपले काम आहे. मी नवरीला फोन लावून दिला. ती म्हणाली, "मामा, बंदूक घरात नको. पण तुम्ही फौजेत कुठं कुठं होता, ते माईकवर सांगा. माझ्या माहेरच्यांनी ऐकू दे."

त्या दिवशी मामा छातीवर पदके लावून येणार आहेत. पोरांनो, त्यांच्या बोलण्यानंतर तिथेच एक टेबल मांडा आणि नियम 3 खालचे अर्ज भरून घ्या. पहिली सही नवरा-नवरी दोघांची असू द्या.

जयभीम!