‘वय झाले’ हे निदान नव्हे

चालता येणे हीच जेथे उपजीविकेची पहिली अट आहे, तेथेच पायांच्या दुखण्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जावे, ही विसंगती चमत्कारिक असली तरी खरी आहे. चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन वनजिल्ह्यांत ती पदोपदी दिसते. फाल्गुन-चैत्रात पहाटे उठून मोहफुले वेचावयाची, वैशाखात रानोमाळ हिंडून तेंदूपाने तोडावयाची आणि उकिडवे बसून त्यांची पुडकी बांधावयाची, पावसाळ्यात ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी या धानपट्ट्यात दिवसभर चिखलात वाकून रोवणी करावयाची, असा येथील स्त्रियांचा कष्टाचा वार्षिक क्रम आहे. आठवडी बाजार आणि दवाखाना गाठावयाचा तोही पुष्कळदा पायीच. अशा ठिकाणी एखाद्या बाईचे गुडघे आखडले म्हणजे तिची मजुरी थांबते, आणि मजुरीबरोबर घरातील तिचे स्थानही डळमळते. तरीही या दुखण्याला मिळणारे निदान ठरलेले असते: ‘वय झाले’, फार तर ‘वात आहे’.

वास्तविक ‘वात’ या एका शब्दाखाली आपण अनेक भिन्न रोग कोंबले आहेत. सांध्यातील कुर्चा झिजून होणारा विकार वेगळा. त्यात बहुधा गुडघ्याची आतली बाजू अधिक झिजते, पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर वाकतात, तोल सावरण्यासाठी पाऊल एका अंगावर कलते आणि मग घोटा व टाचही दुखू लागते. आमवात त्याहून निराळा. तो तरुण वयातही येतो आणि अनेकदा हातापायांच्या लहान सांध्यांपासून सुरू होतो. सकाळी उठल्यावर दोन्ही चवडे ठणकतात, तासतासभर आखडलेपणा जात नाही. पुढे बोटे वाकडी होतात, चवड्याखालची हाडे तळव्यात रुततात आणि अनवाणी चालणे खडीवर चालण्यासारखे होते. अंगठ्याच्या मुळाशी अकस्मात लाल होऊन आग पाखडणारा सांधा हा बहुधा युरिक आम्लाचा प्रताप असतो. या तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. त्यांना एकच मलम आणि एकच गोळी देणे म्हणजे उपचार टाळणेच होय.

या दोन जिल्ह्यांत तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. येथील आदिवासी व इतर काही समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. त्यात हाडांचा रक्तपुरवठा खंडित होऊन असह्य वेदना होतात, खुब्याचे हाड निकामी होऊ शकते आणि घोट्याजवळ दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमा होतात. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक असू नये, असे मानक आहे. वर्षानुवर्षे फार जास्त फ्लोराइड पोटात गेले तर हाडे व सांधे ताठर होतात, लहान मुलांचे पाय वाकू शकतात. २००६ च्या साथीपासून महाराष्ट्राला चांगला परिचित झालेला चिकुनगुन्या ताप उतरल्यावरही घोटे महिनोन्‌महिने धरून ठेवतो. म्हणजे येथे ‘पाय दुखतात’ या एका तक्रारीमागे निदान अर्धा डझन कारणे संभवतात, आणि त्यांपैकी कित्येकांचा वार्धक्याशी काडीचाही संबंध नाही.

चुकीच्या निदानाची किंमत जबर असते. सांधा कायमचा बिघडण्यापूर्वीचे आरंभीचे महिने आमवातात मोलाचे असतात. त्या काळात मेथोट्रेक्सेटसारखे औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, आठवड्यातून एकदाच आणि रक्ततपासणी करीत घेतले, तर पुष्कळ रुग्णांचे अपंगत्व टळू शकते. नेमका हाच काळ गावोगावच्या इंजेक्शनांत आणि नाव नसलेल्या पुड्यांत निघून जातो. या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. चार दिवस पाय हलके वाटतात. पुढे हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते. वेदनाशामक गोळ्यांचा अखंड मारा मूत्रपिंडे आणि जठर यांवर उलटतो. हा काही मूठभरांचा प्रश्न नव्हे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या घरोघरच्या पाहणीत सुमारे १८ टक्के प्रौढांना हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे आढळले होते. तेथील शेतमजुराहून झाडीपट्टीतील रोवणीवालीचे गुडघे सुखात असतील, असे मानण्यास काही आधार नाही.

आश्चर्य याचे वाटते की, पायांची निगा कशी राखावी हे ज्ञान या भूमीला नवे नाही. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोगात पावलाची संवेदना जाते. न जाणवणारा दाब एकाच जागी पडत राहतो आणि तेथे व्रण होतो. व्रणाचे हे कारण वेल्लोरच्या रुग्णालयात काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी उलगडले. मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल, तळव्याची रोजची तपासणी, पाण्यात पाय भिजवून घट्टे घासणे, जखमेला विश्रांती देणे, इतक्या साध्या उपायांनी असंख्य पाय वाचले. १९६६ मध्ये डॉ. ब्रँड अमेरिकेतील कार्व्हिल येथे गेले आणि भारतातील कुष्ठरुग्णांच्या पावलांनी शिकविलेला धडा तेथे मधुमेही रुग्णांच्या पावलांना उपयोगी पडला. हत्तीपायाच्या रुग्णांनाही आज पाय धुणे, कोरडे करणे, उंचावर ठेवणे आणि बोटांच्या बेचक्या तपासणे शिकविले जाते. म्हणजे जंतूंमुळे वा जंतांमुळे पाय बिघडला तर शासनाला तो दिसतो. झिजेमुळे वा आमवातामुळे बिघडला तर दिसत नाही. वेल्लोरचा धडा सातासमुद्रापार गेला, परंतु वरोऱ्याच्याच शेजारच्या गावातील आमवाताच्या रुग्णापर्यंत तो पोचू नये, याला काय म्हणावे?

यावर असा आक्षेप येईल की, जेथे हिवताप आणि बालमृत्यू यांशी झुंज चालू आहे, तेथे टाचदुखीचे कौतुक कशाला? आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु यासाठी नवे इमले उभारावयाचे नाहीत. सांधेदुखीच्या रुग्णाला चप्पल काढावयास सांगून त्याची पावले पाहणे, बोटांमधील सांधे दाबून पाहणे, चालताना निरीक्षण करणे, याला पाच मिनिटे पुरतात. शिवाय लोकांचे ऐकून घेतले तर ते काय सांगतात, हेही आपल्यासमोर आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या शोधग्राम येथील रुग्णालयात मणक्याच्या शस्त्रक्रियांची शिबिरे भरतात. जंगलातील माणसाची पाठदुखीही उपचारास पात्र असते, हे त्यांनी मान्य केले म्हणूनच. पाठीला जो न्याय मिळाला, तो पावलांना का मिळू नये?

विदेशांत पायांची चिकित्सा हा स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्या संसदेने २०२१ साली संमत केलेल्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यातही पादचिकित्सकाला स्थान मिळाले आहे. परंतु सिरोंचा गडचिरोलीपासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. तेथे असा चिकित्सक येईपर्यंत वाट पाहत बसणे परवडणारे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि आशा कार्यकर्ती यांना कुष्ठरोगाच्या कामातून पाय पाहण्याची सवय आहे. तीच नजर सांधेदुखीकडे वळवावी. उपजिल्हा रुग्णालयांत ठराविक वारी फिजिओथेरपिस्ट उपलब्ध असावा. पुढून रुंद, आतून मऊ, खालून टणक आणि टाचेला पट्टा असलेली चप्पल बनविण्याचे शिक्षण स्थानिक चर्मकारांना द्यावे. घसरती चप्पल बोटांनी धरून चालणाऱ्या आमवाती पायाचे हाल त्याने पुष्कळ कमी होतील. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरील गरजूंना साहाय्यक साधनांसाठी तीन हजार रुपये मिळण्याची तरतूद झाली. साधनांत गुडघ्याचा पट्टा आणि कमोडची खुर्ची गणली गेली, हे योग्यच झाले. त्यांच्या जोडीला अशा पादत्राणांचाही स्पष्ट उल्लेख व्हावा.

सुशिक्षित वर्गाकडेही यातील काही वाटा येतो. वारंवार ‘पाय दुखतात’ म्हणून शाळा बुडविणारा मुलगा कामचुकार ठरविण्यापूर्वी त्याची सिकलसेलची तपासणी झाली आहे काय, हे शिक्षकांनी विचारावे. कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या वृद्धेला तीन टेबलांपुढे उभे न ठेवता खुर्ची द्यावी. घरात आईने सकाळच्या आखडलेपणाची तक्रार केली तर तेलाच्या बाटलीपूर्वी डॉक्टरांचा विचार करावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावयाची असते, कुरूप ब्लेडने कापावयाचे नसते आणि खुर्चीवर बसून पाय सरळ ताणून धरण्याच्या रोजच्या व्यायामाने मांडीचे स्नायू गुडघ्याचा भार उचलू लागतात, एवढे तरी प्रत्येक घराला ठाऊक असावे.

वार्धक्य कोणालाच चुकलेले नाही. परंतु प्रत्येक वेदना वार्धक्याच्या खात्यावर टाकणे हा वैद्यकाचा नव्हे, उदासीनतेचा व्यवहार आहे. ज्या पायांनी रान तुडवून आणलेल्या पानांवर आणि रोवलेल्या धानावर या जिल्ह्यांचा संसार चालतो, ते पाय एकदा खाली वाकून पाहण्याइतकी फुरसत आरोग्ययंत्रणेने काढावी. मागणी माफक आहे, आणि ती पुरी करण्याचे ज्ञान आपल्याच भूमीत रुजलेले आहे.