चिमणीची खरी टंचाई

२० मार्च हा जागतिक चिमणी दिन आता महाराष्ट्राच्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० साली तो प्रथम पाळला गेला. त्या निमित्ताने शाळांतून आणि गृहनिर्माण संस्थांतून टाकाऊ वस्तूंची दाणापात्रे तयार होतात. रिकाम्या बाटलीला समोरासमोर भोके पाडून जुना लाकडी चमचा आरपार घालावयाचा, किंवा नारळाची करवंटी तीन दोऱ्यांनी टांगून तीत बाजरी वा तांदळाची कणी ठेवावयाची, एवढाच हा खटाटोप. उपक्रम स्तुत्य आहे, यात शंका नाही. तथापि केवळ त्याने चिमण्या वाढतील, ही समजूत तपासून घ्यावयास हवी.

एका वस्तूची टंचाई दुसऱ्याच वस्तूचा पुरवठा वाढवून हटत नाही, हे अर्थशास्त्रातील साधे तत्त्व येथेही लागू पडते. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या २०२० च्या अहवालानुसार देशभरात चिमण्यांची संख्या स्थूलमानाने स्थिर आहे. घट दिसते ती मुंबईसारख्या महानगरांत. महानगरात धान्याचा दुष्काळ आहे काय? मुळीच नाही. दुष्काळ आहे तो घरट्याच्या जागेचा आणि किड्यांचा. कौलारू छपरांच्या फटी, वाड्यांच्या भिंतींतील भोके, तसबिरींमागचा आडोसा हे सारे सिमेंटच्या सपाट भिंतींनी हिरावून घेतले. शिवाय चिमणीची पिले आरंभीचे दिवस मुख्यतः अळ्या-किड्यांवर पोसली जातात. फरसबंद आवारात आणि औषध फवारलेल्या शोभेच्या बागेत त्या मिळणार कोठून? दाणापात्र भरलेले असूनही पिलू उपाशी राहू शकते.

दाणापात्राकडे दुर्लक्ष झाले तर ते अपायकारकही ठरते. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनोसिस या रोगाने ग्रीनफिंच पक्ष्यांची मोठी हानी झाली. अनेक पक्षी एकत्र येणारी दाणापाण्याची ठिकाणे या रोगाच्या प्रसाराला हातभार लावतात. २०२१ साली हा पक्षी तेथील लाल यादीत गेला. म्हणून पात्र नियमित धुतले पाहिजे, दाणे थोडेच ठेवले पाहिजेत आणि खारट फरसाण वर्ज्य मानले पाहिजे. उघड्यावर ओतलेल्या पोतेभर धान्याचा लाभ तर चिमणीपेक्षा कबुतरांनाच अधिक होतो.

तेव्हा दाणापात्रे करणाऱ्या हातांनी आणखी एक पाऊल पुढे टाकावे. जुन्या फळ्यांचे खोके करून त्याला सुमारे ३२ मिलिमीटरचे भोक पाडावे व ते सावलीत, वळचणीला टांगावे. आवाराचा एखादा कोपरा देशी झुडपांसाठी राखून तेथे फवारणी टाळावी. नगरपालिकांनीही नव्या इमारतींच्या आराखड्यांत पक्ष्यांना चार फटी मिळतील, असा नियम करण्याचा विचार करावा. मूठभर दाणे देणे सोपे आहे. आपल्या भिंतीत वाटा देणे कठीण. चिमणीची गरज मात्र दुसरीच आहे.