टोचलं? मग गप्प बस!

आई, हे तुलाही आजवर सांगितलं नव्हतं. बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला असताना, भूल देऊन झाल्यावर टोपण लावताना सुई माझ्या बोटात घुसली. ग्लोव्ह्ज काढले, साबणाने हात धुतला आणि गप्प बसले. आदल्याच आठवड्यात एका मैत्रिणीने सांगायची हिंमत केली, तर सरांचा पहिला प्रश्न होता, "लक्ष कुठे होतं?"

अहो, पहिला प्रश्न "पेशंट गेला का?" हा हवा! तो खुर्चीत आहे तोवर त्याला विचारून रक्त तपासता येतं. एकदा एसटीत बसला की संपलं. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात, पुढे २८ दिवस. आणि गंमत बघा, बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका ०.३ टक्क्यांच्या आसपास, पण लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा ६ ते ३० टक्के! आमचे ट्रे धुणाऱ्या मावशींना ती लस दिली होती का? मीही कधी विचारलं नाही.

'दोन हातांनी टोपण लावू नका' अशी पाटी मात्र भिंतीवर होती. सुया टाकायचा डबा हॉलच्या दुसऱ्या टोकाला. उघडी सुई घेऊन तिथवर मिरवत जायचं?

असो. परवा माझ्या दवाखान्यातल्या असिस्टंटला प्रोब टोचला. तिने लगेच सांगितलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"अगं, लक्ष कुठे होतं?"

तेवढ्यात पेशंट जिना उतरून गेला होता.