गेटावर नाव, आत कोण?



मी युसूफ वडगावचा. तालुका केज, जिल्हा बीड. शिक्षण मॅट्रिक. धंदा मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली हमाली. पाळी नसली की कविता लिहितो. विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी मी कधी चढलो नाही. तरी आज विद्यापीठावर लिहिणार आहे. ज्याला पटत नसेल त्यानं पान उलटावं.

१४ जानेवारीला गेटावर गेलो होतो. निळे झेंडे, पुस्तकांचे गाळे, खेड्यापाड्यातून आलेल्या बाया-माणसं. आणि शेजारी शेजारी गटागटांचे मंडप, ज्याचा त्याचा भोंगा. एका मंडपातून एक पगारदार पुढारी ओरडत होता, आजच्या पोरांना इतिहास माहीत नाही. चहाच्या टपरीवर एक पांढरपेशा हसत म्हणाला, एवढं रामायण झालं, पण नावानं भाकर मिळाली का?

या दोघांनाही उत्तर द्यायचंय. आधी टपरीवाल्या साहेबाला.

साहेब, नावात काही नसतं, तर १९७८ साली घरं कशापायी जाळली? विद्यापीठ १९५८ साली निघालं. मराठवाडा पूर्वी निजामाच्या राज्यात, म्हणून तोवर इथल्या कॉलेजांचा कारभार उस्मानियाकडं, हैदराबादेत. पण उच्च शिक्षणाचं दार इथं, या मातीत, कुणी उघडलं? बाबासाहेबांनी. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज औरंगाबादेत सुरू झालं, तेच मिलिंद. विद्यापीठाच्या आधी आठ वर्षं. तिथं फक्त आमचीच पोरं शिकली का? गावच्या पाटलाचंही पोरगं तिथंच शिकलं. मग ज्यानं दार उघडलं त्याचं नाव दारावर लावा म्हणालो, तर मराठवाड्याची अस्मिता दुखावली म्हणे! १९७४ साली मराठवाड्याच्या विकासासाठी विद्यार्थी रस्त्यावर आले, वसमतला गोळीबार झाला, तेव्हा मराठवाडा सगळ्यांचा होता. चार वर्षांत तो एकदम काहींचाच कसा झाला?

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला. ठराव मुंबईत, वाद औरंगाबादेत आणि आग खेड्यात. लक्षात घ्या, आग विद्यापीठात लागली नाही. ज्यांनी ते गेट कधी पाह्यलं नव्हतं, ज्यांना त्यावरची पाटी वाचता आली नसती, त्यांच्या झोपड्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेला मारलं. तो काय पीएच.डी. करत होता? शिकलेल्यांच्या पाटीचा दंड न शिकलेल्यांनी भरला. १९७९ साली नागपुराहून लाँग मार्च निघाला, माणसं तुरुंगात गेली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं. तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. तेही नामांतर नाही, नामविस्तार! ठरावापासून साडेपंधरा वर्षं. आणि त्या शहराचंच नाव २०२३ साली बदललं, तेव्हा नावानं भाकर मिळते का असं तुम्ही विचारलं होतं का हो, साहेब?

तुमचा हिशोब झाला. आता आपल्या घरातला.

माझा आजा मिलिंदमध्ये होता. पत्र्याची पेटी, दोन सदरे, आईनं बांधून दिलेल्या भाकरी. वसतिगृहाचं सांगायचा तेव्हा म्हातारा तरणा व्हायचा. तिघांत एक पुस्तक. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहून घ्यायचं, तिसऱ्यानं झोपायचं, मग पाळी बदलायची. आमच्या गोदीसारखंच. औरंगाबादेतूनच पानतावणे सरांचं अस्मितादर्श निघायचं. त्यात आपल्यासारख्याच कुणाची कविता आली की खोलीभर वाचली जायची. नामांतराची मागणी निघाली तेव्हा रात्र रात्र पत्रकं लिहिली म्हणायचा. मग तो जुलै आला. आजा गावाकडं गेला. आजीनं भीतीपोटी लेकरू पोटाशी धरून पावसात बांधाच्या आडोशाला रात्र काढली होती. आज्याचं परत जाणं झालं नाही. पदवीचं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. पुढं जन्मभर कोयता. ऊसतोड. पेटी मात्र फेकली नाही. अजून घरात आहे, तीत आता डाळ ठेवतात.

आता माझं ऐका. दहावी पास झालो, अकरावीला नाव घातलं. खिडकीवर म्हणाले, आधी फी भर, शिष्यवृत्ती आली की परत घे. सरकारी परिपत्रकं सांगतात, शिष्यवृत्तीच्या पोराकडून आधी फी घेऊ नका. पण परिपत्रक मंत्रालयात आणि खिडकी तालुक्यात. मग उत्पन्नाचा दाखला आणा. मायबाप उचल घेऊन कारखान्यावर गेलेले. पट्टा पडायला चार-पाच महिने. दाखल्यावर बापाची सही पाहिजे, बाप उसाच्या फडात. तारीख गेली. फॉर्म गेला. मी गोदीत आलो. कुणी झोपडी जाळली नाही, कुणी काठी उगारली नाही. नुसती एक खिडकी बंद झाली. आज्याला बाहेर काढायला दंगल लागली. नातवाला एक कागद पुरला.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हाची. म्हणजे नाव मिळायच्या पन्नास वर्षं आधी मिळालेला हक्क. तो आज पोर्टलवर अडकतो, बँक खात्यावर अडकतो, एका सहीवर अडकतो. ज्या हैदराबादेकडं एके काळी आपला मराठवाडा बघायचा, तिथंच १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. त्याची फेलोशिप महिनोन्महिने थकली होती. थकलेल्या पैशाचा अर्थ ऑफिसात ‘प्रलंबित’ असा होतो. वसतिगृहात त्याचा अर्थ उपाशी असा होतो.

म्हणून मंडपातल्या पुढाऱ्याला सांगतो. इतिहास आम्हाला माहीत आहे, तो आमच्या घरात डाळीच्या पेटीवर लिहिलाय. तुम्हाला माहीत नाही ते वर्तमान. नाव लागलं ते बरोबरच झालं, आणि लढून लागलं. त्यातलं एक अक्षरही आम्ही परत देणार नाही. पण गोदीत एक साधा नियम असतो. पेटीवर काय लिहिलंय त्यावर माल उतरला असं कुणी धरत नाही. पेटी उघडून मोजतात. तुम्ही दरसाल पेटीवरचं नाव वाचता, हार घालता आणि घरी जाता. पेटी उघडायची केव्हा?

यंदा १४ जानेवारीला एक करू. मंडपाचे, बॅनरचे, भोंग्याचे पैसे गोळा करा. त्यातून प्रत्येक तालुक्याला एक टेबल टाका. ऊसतोडीची माणसं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, त्याच्या आधी गावात जाऊन दाखले काढा, सह्या घ्या, फॉर्म भरा. शिकलेल्या भावांनो, तुमचं तेवढं एक काम. आणि गेटावर जाल तेव्हा हार घेऊन जाऊ नका, एक प्रश्न घेऊन जा. आमच्यातली किती पोरं या साली आत आली, किती मधेच गेली, कुणाची शिष्यवृत्ती किती महिने थकली, याची यादी विद्यापीठानं त्याच गेटावर लावावी. बाबासाहेबांच्या नावाखाली, सगळ्यांना दिसेल अशी. वाचता न येणाऱ्यांना आम्ही वाचून दाखवू.

पोचीरामनं आपल्या जिवाचं मोल फुलांच्या माळेसाठी दिलं नव्हतं. गौतम वाघमारे सुट्टीच्या दिवसासाठी जळाला नाही.

माझी धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. तिच्या उत्पन्नाचा दाखला मी आत्तापासूनच काढायला घेतलाय. गोदीतली दोन दिवसांची मजुरी बुडाली, बुडू दे. आज्याची पेटी रिकामी करायला आईला सांगितलंय.

जयभीम!